पंच्याहत्तरच होते, काका

काका, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला 'दोन शब्द' बोलायला उभं केलं आणि मी तिथेही खोटंच बोलले. माइक धरून सांगितलं की शेजवळकाकांनी मला कामातला खरेपणा शिकवला. शिकवलात, त्यात वादच नाही. ही शिकली का, एवढं मात्र कुणी विचारलं नाही. समोर तुमचे बदलापूरचे शेजारी होते, अंबरनाथच्या कारखान्यातले जुने सोबती होते, कॅफेतली नेहमीची गिऱ्हाइकं होती आणि पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत काकू. सगळे माना डोलवत होते. मी 'जय भीम' करून खाली बसले आणि ओढणीने घाम पुसला.

त्याला आज चार दिवस झाले. या चार दिवसांत मी घरात सगळ्यांवर खेकसले आहे. आई म्हणाली, "अगं, काका गेले म्हणून आमच्यावर का राग काढतेस?" तिला काय सांगू? राग माझाच माझ्यावर आहे. म्हणून म्हटलं, जे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं ते आता सांगून टाकू. तुम्ही ऐकत नाही, ठाऊक आहे. तुम्ही असता तर माझं तोंड उघडलं नसतं, हेही ठाऊक आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा वेबसाइट बनवायचा कोर्स करून आले होते आणि डोक्यात नुसती हवा होती. घरी कॉम्प्युटर नव्हता. तुमचा सहा कॉम्प्युटरचा कॅफे होता. तुम्ही कोपऱ्यातलं टेबल दाखवून म्हणालात, "बस इथे. काय करायचंय ते कर. पण मी मोजणार हं." मला वाटलं, तास मोजणार. तर तुम्ही खिशातून ते जड स्टॉपवॉच काढलंत.

कारखान्यात तुमचं कामच ते होतं, वर्क स्टडी. कामगार मशीनवर असताना मागे उभं राहायचं आणि पत्रा उचलायला किती वेळ, बसवायला किती, भोक पाडायला किती, ते टिपायचं. 'टाइमवाला आला' म्हटलं की अख्खी लाइन मुद्दाम हळू व्हायची, हे सांगताना तुम्हीच पोट धरून हसायचात. कारखाना बंद झाला, पण खोड गेली नाही. गिऱ्हाईक कॉम्प्युटरवर बसलं की तुम्ही मागे स्टूल टाकणार, मांडीवर पॅड, मुठीत घड्याळ. पान किती वेळात उघडलं, माणसाचा हात कुठे थांबला, कुठे उसासा टाकला, कुठे कंटाळून उठला, सगळं टिपून ठेवायचात. लोकांना वाटायचं मालक पाळत ठेवतोय. एका बाईने तर सुनावलं होतं, "काय हो, तुमचा माउस पदराखाली घालून नेणार आहे का मी?" तुम्ही तेही लिहून ठेवलंत.

मला म्हणालात, "तिकडे मी माणसांना घाई करायचो. इकडे मशीनला करतो. तेवढंच जरा बरं वाटतं."

पहिल्याच आठवड्यात मी ऐटीत माझं एक पान दाखवलं. "बघा काका, चार सेकंद!" तुम्ही कॉम्प्युटरने स्वतःकडे जमा केलेली सगळी पानं पुसून टाकलीत आणि म्हणालात, आता उघड. मिनिटभर नुसता पांढरा पडदा. वर तुमची ती नजर. "एकदा बघितलेलं पान हा जवळ ठेवून घेतो आणि तेच पटकन काढून देतो. तू बनवलंस, तू शंभरदा बघितलंस, तुला कायम चार सेकंदच दिसणार. लोक पहिल्यांदा येतात, पोरी. त्यांची पहिली वेळ मोज." आज उल्हासनगरच्या नोकरीत मला जो काही मान मिळतो तो या एका वाक्यावर मिळतो, काका. शपथ.

पण भांडायचो किती! ते 'सबमिट'चं भांडण आठवतंय? जांभूळचे ते रिटायर्ड गृहस्थ मी बनवलेला फॉर्म भरून, 'सबमिट' न दाबताच हाताची घडी घालून दहा मिनिटं शांत बसले होते. तुम्ही विचारलंत, "झालं का?" तर म्हणाले, "हो, केव्हाच. आता ते उत्तर देतील ना." तुम्ही माझ्या मागे लागलात, बटणावर सरळ 'फॉर्म पाठवा' लिही. मी म्हटलं, काका, असलं गावठी दिसतं, लोकांना सवय होईल हळूहळू. तुम्ही भडकलात. "लोकांनी का सवय करायची? पैसे तू घेतेस." तरीही माझं म्हणणं आहे, आजही आहे, की दिसायलाही चांगलं हवं. नुसतं भराभर उघडतंय म्हणून माणूस तिथे रमत नाही. हे तुम्हाला कधी पटलं नाही आणि मी काही सोडलं नाही. ते भांडण राहिलं ते राहिलंच.

मग उल्हासनगरचं काम आलं. कॅम्प चारमधली ती नर्सिंग शिकवणारी संस्था. त्या वर्षी पहिल्यांदाच प्रवेशाचे फॉर्म फक्त वेबसाइटवर घेणार होते. माझं पहिलं मोठं काम. पानाच्या तळाला बारीक अक्षरांत माझं नाव होतं, प्रज्ञा म्हणून. चेअरमनसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, "अ‍ॅडमिशन अच्छे से निकल गया ना बेटा, तो तुमको परमनंट रख लेंगे." त्यांच्या मागण्याही तशाच. आधी लोगो गोल फिरला पाहिजे, मग पणती पेटली पाहिजे, मग त्यांचा फोटो. कॅमेऱ्यातून काढलेला भलामोठा फोटो मी तसाच्या तसा टाकला. पानावर तो स्टॅम्पाएवढा दिसायचा, पण टेलिफोनच्या तारेतून अख्खाच्या अख्खा यायचा.

तुम्ही एका दुपारी तो फॉर्म कॅफेत मोजलात. मी तुमच्या शेजारीच उभी होते. तुमचं घड्याळ कारखान्याचं, त्यात एका मिनिटाचे साठ नाहीत, शंभर भाग. सुरुवातीला मी कुरकुर केली होती की मला हे शंभराचं कळत नाही, म्हणून तुम्ही माझ्यासाठी मनातल्या मनात सेकंद करून तेवढेच लिहायचात. त्या दिवशी छोटा काटा एकच्या पुढे होता आणि मोठा पंचवीसवर. सव्वा मिनिट. तुम्ही लिहिलंत, पंच्याहत्तर सेकंद. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, काका. हे नीट ऐका. मी पाहिलं होतं.

तुम्ही चिठ्ठीवर तीन गोष्टी काढल्यात. फोटो लहान करा. फिरणारा लोगो आणि पणती काढा. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची म्हणून खाली दोन रेघा मारलेली: दहा मिनिटांत फॉर्म पाठवला नाही तर भरलेलं सगळं पुसलं जातं, ते थांबवा, कारण एका बोटाने टाइप करणाऱ्याला दहा मिनिटं पुरत नाहीत. मी म्हटलं, द्या इकडे, मी सांगते त्यांना. तुम्ही म्हणालात, "मीही येतो. मोजणाऱ्याने स्वतः सांगावं."

आलात. इस्त्रीचा शर्ट घालून आलात. चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये त्यांचे दोन भागीदारही होते. तुम्ही चिठ्ठी वाचलीत आणि साहेबांचा चेहरा उतरला. "पंच्याहत्तर सेकंद? बेटा, तुमने तो बोला था आठ सेकंद!" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आठ मीच सांगितले होते. कॅफेत, माझ्या टेबलावर, शंभरदा बघितलेल्या पानाचे आठ. तुम्ही शिकवलेलं सगळं माहीत असून सांगितले होते. आणि त्या केबिनमध्ये मला परमनंटची खुर्ची हातची जाताना दिसली. दुसरंही होतं, लपवत नाही. तुम्ही कायम बरोबर असायचात आणि त्याचा मला वीट आला होता. मी हसले. हसून म्हटलं, "सर, काकांचं घड्याळ कारखान्यातलं आहे. त्यात मिनिटाचे शंभर भाग असतात. पंच्याहत्तर भाग म्हणजे पाऊण मिनिट, पंचेचाळीस सेकंद. काकांनी भागच सेकंद म्हणून लिहिलेत. आणि वयामुळे हात पण जरा उशिरा पडतो बटणावर." भागीदार हसले. साहेबही हसले. "अंकल, आपका घड़ी रिटायर कर दो अभी!"

तुम्ही खिशातून घड्याळ काढून तळहातावर ठेवलंत. बराच वेळ त्याच्याकडे बघत होतात. मग म्हणालात, "असेल. होतं असं." आणि चिठ्ठीची घडी घालून परत खिशात ठेवलीत. तिन्ही गोष्टींसकट.

उल्हासनगरला आलो की आपण दाल-पकवान खायचो, ठरलेलंच. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आज नको गं, भूक नाही." अंबरनाथपर्यंत शेअर रिक्षात मी बडबड करत होते, तुम्ही हं हं करत होतात. एकदाच विचारलंत, "तू तिथेच होतीस ना, प्रज्ञा? छोटा काटा कुठे होता गं?" मी म्हटलं, "मी काय बघितलं नाही काका, मी पडद्याकडे बघत होते."

आता जे सांगणार आहे ते मी कालपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला राहवेना. म्हटलं, निदान काहीतरी दुरुस्त करू. तुम्ही कॅफे उघडायच्या आत मी कोपऱ्यावरच्या दुसऱ्या कॅफेत गेले, साहेबांचा तो फोटो गुपचूप लहान केला आणि परत चढवला. लोगो आणि पणतीला हात लावला असता तर साहेबांना दिसलं असतं, म्हणून फक्त फोटो. मला वाटलं, चला, काकांचं एक तरी ऐकलं. थोडं बरंही वाटलं, काय सांगू!

अकरा वाजता तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. जमा झालेली पानं पुसून, तुमच्या पद्धतीने, तुम्ही पुन्हा मोजलं होतं. एकदा नाही, तीनदा. म्हणालात, "पोरी, तू बरोबर होतीस. पंचेचाळीसच येतात." फोटो लहान झाल्यावर नेमके तेवढेच उरले होते. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लाज होती. तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचे हात मोजले, त्याला आपल्या हाताची लाज वाटत होती. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं मला. 'काका, मी सकाळी फोटो लहान केला.' बस, एवढंच. मी म्हटलं, "सोडा ना काका, होतं असं."

त्या दिवसापासून तुम्ही स्टूल टाकणं बंद केलंत. गिऱ्हाइकं खूश झाली. माझ्याशी तुम्ही पूर्वीसारखेच बोलायचात, चहा सांगायचात, आईची चौकशी करायचात. फक्त मी एखादं पान दाखवलं की म्हणायचात, "छान आहे. तूच मोज." याचा मला किती त्रास व्हायचा हे तुम्हाला कळलं असेल का? बहुतेक नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी मोठी झाली.

मग फॉर्मचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला बंद. मी उल्हासनगरला ऑफिसात बसून येणारे फॉर्म मोजत होते आणि तुमचा फोन आला. चामटोलीची एक मुलगी तुमच्याकडे बसली होती, करुणा भोईर. एकेक अक्षर शोधून टाइप करत होती. एकदा दहा मिनिटं उलटून सगळं पुसलं गेलं. दुसऱ्यांदा मार्कांपर्यंत आली आणि बदलापूरची लाइट गेली. लाइट आली तेव्हा पाचला वीस मिनिटं होती, आणि पान काही उघडेना. तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "प्रज्ञा, दहा मिनिटं जास्त ठेव गं. हुशार मुलगी आहे." मी म्हटलं, "काका, बाकी सगळीकडून फॉर्म येताहेत. तुमच्याच लाइनचा काहीतरी लोच्या असेल." तुम्ही म्हणालात, "हो का? असेल, असेल." पाच वाजले. बंद झाला. आमचे प्रवेश अच्छे से निकल गये आणि मी परमनंट झाले.

त्यानंतर मी तुमच्या चिठ्ठीतलं सगळं केलं, काका. पणती गेली, लोगो गेला, दहा मिनिटांचं पुसणं गेलं. बटणावर 'फॉर्म पाठवा' लिहिलं. साहेबांना पटवलं, भांडले त्यांच्याशी. तुम्हाला मात्र सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, आता का? दर रविवारी तुमच्याकडे यायचे ते ठरवून यायचे, आज सांगायचंच. काकू पोहे द्यायच्या, तुम्ही हवापाण्याच्या गप्पा मारायचात आणि मी पोहे गिळून परत जायचे. घाई काय आहे, काका कुठे पळून चाललेत, असं वाटायचं. आणि त्या मंगळवारी तुमच्या शेजाऱ्याचा फोन आला.

कार्यक्रमाला माझ्यानंतर एक गृहस्थ उठले. कोणी त्यांना ओळखत नव्हतं. म्हणाले, मी चामटोलीचा भोईर. मला भाषण येत नाही, पण एक सांगतो. "माझ्या पोरीचा फारम राहिला, तर हा माणूस उन्हात चालत आमच्या घरी आला. माझ्यापुढं हात जोडले. म्हणाला, मी मोजायला चुकलो, म्हणून माझं कोणी ऐकलं नाही, म्हणून तुमच्या पोरीचं वर्ष गेलं. मी म्हटलं, अहो साहेब, तुमचा काय संबंध? चहा घ्या. तर चहाही घेतला नाही." ते रडायला लागले. हॉलमध्ये सगळे म्हणायला लागले, केवढा मोठा माणूस. मी तिथेच होते, काका. तिसऱ्या रांगेत. माइक रिकामाच होता. मी उठले नाही.

काल मात्र काकूंकडे गेले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. चप्पल काढायच्या आत सुरुवात केली, नाहीतर परत पोह्यांवर आलं असतं. घड्याळाचं, केबिनचं, छोट्या काट्याचं, सकाळी लहान केलेल्या फोटोचं, सगळं सांगितलं. काकू मेथी निवडत होत्या. मधे एकदाही थांबल्या नाहीत. मला वाटलं आता हाकलतील, आणि हाकलावं असंच वाटत होतं.

मेथी संपल्यावर त्यांनी हात पुसले. म्हणाल्या, "रोज सकाळी चहाच्या आधी घड्याळ घेऊन बसायचे गं ते. रेडिओवर बातम्या लागायच्या आधी टिकटिक वाजते ना, तिच्यावर बटण दाबून बघायचे. मला हाक मारायचे, बघ गं, माझा हात उशिरा पडतो का. मला त्यातलं काय कळतं? पण रोज उठून तेच ते. एक दिवस वैतागून म्हटलं, हो, पडतो, आता वय झालं, ठेवा ते घड्याळ. तेव्हापासून नाही घेतलं हातात."



काकूंनी विचारलं, "म्हणजे हात बरोबर होता त्यांचा?"

"बरोबर होता, काकू."

"मग मी उगाच म्हटलं त्यांना तसं," काकू म्हणाल्या, आणि तुम्ही गेल्यापासून ज्या एकदाही रडल्या नव्हत्या, त्या माझ्यासमोर रडल्या. तुमच्या घरात मी एकाचंच नाही, दोघांचं वाईट केलं, काका. रविवारी चामटोलीला जातेय. करुणाच्या वडिलांसमोर उभी राहणार आहे. ते जे म्हणतील ते म्हणोत.

पंच्याहत्तरच होते, काका. तुमचा हात उशिरा पडत नव्हता. खोटं मी बोलले होते.